एका पौंडाचा वडापाव

‘नीट शिकला नाहीस तर उद्या वडापावची गाडी लावशील.’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. अब्बा रागावले की म्हणतात, मामू म्हणतात, कधी कधी शाळेतले शिक्षकही म्हणतात. ज्या मुलाला ते ऐकवले जाते तो मान खाली घालून ऐकतो आणि त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसतात. एक म्हणजे, वडापाव करणे हे न शिकलेल्याचे काम आहे. दुसरी म्हणजे, हाताने अन्न करून विकणे ही एक शिक्षा आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. त्याचा पुरावा लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या हाउन्स्लो या वस्तीत पाहायला मिळतो.

मंदीत सुचलेला धंदा

सुजय सोहनी आणि सुबोध जोशी हे दोघे मित्र. दोघांची दोस्ती 1999 साली वांद्र्याच्या रिझवी कॉलेजात, हॉटेल मॅनेजमेंट शिकताना झाली. पुढे सोहनी लंडनला गेले आणि एका पंचतारांकित हॉटेलात खाद्यपेय विभागाचे व्यवस्थापक झाले. 2009 च्या जागतिक मंदीत त्यांची नोकरी गेली. परक्या देशात नोकरी जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातला माणूस आखातात आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मित्राशी बोलताना वडापावचा विषय निघाला, आणि दोघांनी मिळून लंडनमध्ये वडापाव विकायचे ठरवले.

दुकान घेण्याइतके पैसे नव्हते. दोघे जागेसाठी अनेक ठिकाणी फिरले. शेवटी हाउन्स्लोमधल्या एका पोलिश आइस्क्रीम कॅफेने आपल्या जागेतला एक कोपरा महिना 400 पौंड भाड्याने दिला. 15 ऑगस्ट 2010 रोजी तिथे वडापाव सुरू झाला. किंमत होती एक पौंड. दाबेली दीड पौंडाला. सुरुवातीला लोकांना हा पदार्थ काय आहे तेच कळेना, तेव्हा या दोघांनी रस्त्यावर उभे राहून फुकट वडापाव वाटले आणि ‘हा भारतीय बर्गर आहे’ असे समजावून सांगितले. पुढे ‘श्री कृष्ण वडा पाव’ या नावाने त्यांचे स्वतःचे उपाहारगृह झाले, पदार्थांची यादी वाढली आणि शाखाही निघाल्या.

ही गोष्ट मी आठवीच्या वर्गात सांगते तेव्हा फळ्यावर एक गणित मांडते. भाडे 400 पौंड, वडापाव एक पौंडाचा. नुसते भाडे निघायला रोज किती वडापाव विकले पाहिजेत? मुले पटकन सांगतात, ‘तेरा-चौदा.’ मग मी विचारते, बटाटे फुकट येतात का? तेल, बेसन, पाव, गॅस? समजा, सगळा खर्च जाऊन एका वडापावामागे अर्धा पौंड उरतो. आता किती? आकडा एकदम दुप्पट होतो, रोज सत्तावीस. आणि एवढे विकूनही दोघांच्या घरात अजून एक पैसा आलेला नाही, फक्त भाडे निघाले आहे. वर्ग जरा गप्प होतो. वडापावच्या गाडीमागे उभा असलेला माणूस हे गणित रोज करतो, तेही पेन-वहीशिवाय, हे तेव्हा त्यांच्या लक्षात येते.

ताजे म्हणजे नक्की काय?

परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्यांवर दोन शब्द हमखास असतात, ‘अस्सल’ आणि ‘ताजे’. अस्सल हा शब्द पाटीवर लिहिता येतो, ताजेपणा मात्र रोज सकाळी उठून करावा लागतो. मसाला मुंबईहून पाठवता येतो, लोणचे पाठवता येते, फरसाणही पाकिटातून जाते. गरम वडा जात नाही.

याचे कारण साधे आहे. बटाट्यात भरपूर पाणी असते. वडा साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात पडला की बेसनाचे आवरण कडक होते आणि आतली वाफ आतच कोंडली जाते. वडा काढून ठेवला की तीच वाफ हळूहळू आवरणात शिरते आणि आवरण मऊ पडते. अर्ध्या तासाने तो वडा चवीला वाईट लागतो असे नाही, पण तो वेगळा पदार्थ झालेला असतो. भेळेचे तर त्याहून कठीण. चिंचेची चटणी पडली की चुरमुरे काही मिनिटांत नरम होतात. म्हणून भेळवाला आधी कालवून ठेवत नाही, गिऱ्हाईक समोर आल्यावरच कालवतो. पाणीपुरीची पुरी तर फोडल्यावर क्षणभरही थांबत नाही.

पावाचेही तसेच. आपला लादीपाव भट्टीत एकमेकांना चिकटून भाजला जातो, त्यामुळे त्याच्या कडा मऊ राहतात आणि वरचा पापुद्रा तेवढा तांबूस होतो. परदेशातला बर्गरचा बन सुटा भाजतात. तो चारी बाजूंनी वेगळा, बहुधा गोडसरही असतो, आणि वडा तोच असूनही चव बदलते. घरातल्या आया-बहिणींसाठी जाता जाता एक उपयोगाची गोष्ट सांगते. उरलेला पाव फ्रीजच्या थंड कप्प्यात ठेवू नये. त्या थंडाव्यात पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा लागतो. टिकवायचाच असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि खाताना थेट तव्यावर गरम करावा.

म्हणजे रस्त्यावरचा खाऊ परदेशात नेणे म्हणजे पाककृती नेणे नव्हे. बटाटा उकडण्यापासून चटणी कुटण्यापर्यंत रोजची सगळी मेहनत तिथे पुन्हा उभी करणे म्हणजे तो खाऊ नेणे. हे काम अंदाजाने चालते असे बघणाऱ्याला वाटते, पण त्यात तेलाचा ताव ओळखणारी नजर लागते, पिठाचा घट्टपणा ओळखणारे बोट लागते आणि गर्दी किती वाजता येईल याचा हिशेब लागतो. उर्दूत यालाच हुनर म्हणतात.

अहमदनगरचा मुलगा, अमेरिकेतली भेळ

त्याच मंदीच्या वर्षी, 2009 मध्ये, अमेरिकेतही असेच एक दुकान निघाले. मेहेरवान इराणी हे आपल्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात वाढले. ते एमबीए करायला अमेरिकेत गेले आणि पुढे काही वर्षे त्यांनी मोटारी विकण्याचे काम केले. नंतर नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल या डोंगराळ भागातल्या लहानशा शहरात त्यांनी ‘चाय पानी’ नावाचे उपाहारगृह उघडले. तिथे बटर चिकन आणि नान यांच्या ठरलेल्या यादीऐवजी भेळ, दहीपुरी, वडापाव आणि कुरकुरीत तळलेली भेंडी ठेवली. स्टीलची ताटे आणि रस्त्यावरचा खाऊ, एवढ्यावर त्यांनी हॉटेल चालवून दाखवले.

जून 2022 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने संपूर्ण देशातले उत्कृष्ट उपाहारगृह म्हणून ‘चाय पानी’ची निवड केली. त्या देशात खाद्यक्षेत्रातला हा सर्वांत मानाचा पुरस्कार समजला जातो. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोच्या महागड्या हॉटेलांच्या देशात हा मान नगरच्या मुलाच्या चाटच्या दुकानाला मिळाला. त्या चाटला कोणी परदेशी वेष चढवला नव्हता. मात्र ॲशव्हिलच्या आसपास पिकणाऱ्या केल नावाच्या पालेभाजीची भजी त्यांनी जरूर केली. आपल्याकडे पालकाची भजी करतात तशीच.

यात नवे काही नाही. आपला वडापाव तरी मूळचा कुठला? बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून निघाल्या आणि पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्दच पोर्तुगीज आहेत. मुंबईच्या पावाच्या भट्ट्यांना गोव्याचे ख्रिस्ती, इराणी आणि उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम कारागीर अशा सगळ्यांचे हात लागले. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी 1966 च्या सुमारास वडा आणि पाव एकत्र विकायला सुरुवात केली असे मानले जाते. म्हणजे आपल्या घरातले अनेक बुजुर्ग या ‘पारंपरिक’ पदार्थापेक्षा वयाने मोठे आहेत! दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये भारतीयांनी पाव पोखरून त्यात रस्सा भरला आणि ‘बनी चाऊ’ तयार झाला. आज तो त्या शहराची ओळख आहे. लंडनच्या ड्रमंड स्ट्रीटवर ‘दिवाणा भेळपुरी हाउस’ गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून भेळ विकत आले आहे. खाणे माणसाबरोबर प्रवास करते आणि जिथे कष्ट करणारे हात मिळतात तिथे मुक्काम करते.

आपल्या मुलांसाठी एक सोय, एक सावधगिरी

शिकायला परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो, खायचे काय? मांस हलाल आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते. अशा वेळी वडापाव, भेळ, शेवपुरी हा मोठा दिलासा असतो, कारण त्यात मांसच नाही. तरी एक खबरदारी घ्यावी. जिथे मांसाहारी पदार्थही मिळतात तिथे वडा कोणत्या तेलात तळला जातो, हे नम्रपणे विचारावे. इंग्लंडमध्ये असे विचारणे कोणाला खटकत नाही, उलट तिथे ती रोजची गोष्ट आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे गहू, शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध अशा 14 घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, कारण काहींना त्यांची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. आपल्या साध्या वडापावात पावातला गहू असतो, फोडणीतली मोहरी असते आणि काही जणांच्या चटणीत शेंगदाणा आणि तीळही असतात.

आणि भारतीय नाव पाहून सगळे गृहीत धरू नये. ‘डिशूम’ ही लंडनमधली प्रसिद्ध उपाहारगृहे 2010 पासून मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर चालतात. तिथे खिमापाव आहे, पावभाजी आहे, चहा आहे. मात्र नाश्त्यातला त्यांचा सर्वांत गाजलेला पदार्थ बेकन घातलेला नान रोल हा आहे. भिंतीवरचे चित्र भेंडीबाजारची आठवण देणारे असले तरी थाळीत काय आहे ते वाचूनच मागवावे.

तिथल्या स्वच्छतेच्या नियमांतूनही शिकण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये गरम विकायचे अन्न 63 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम ठेवावे लागते. विक्रीसाठी मांडलेले अन्न त्याखाली फार तर दोन तास ठेवता येते, तेही एकदाच. प्रत्येक उपाहारगृहाला शून्य ते पाच अशी स्वच्छतेची श्रेणी मिळते आणि ती कोणालाही पाहता येते. नियम फक्त तिकडेच आहेत असेही नाही. वारंवार तापवलेल्या तेलात ‘पोलर कंपाउंड’ नावाचे घातक घटक वाढत जातात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचे नाही, असा आपल्या देशातही 1 जुलै 2018 पासून नियम आहे. छापील वर्तमानपत्रात तेलकट खाऊ बांधू नये, शाईतले रसायन अन्नात उतरते, असे अन्नसुरक्षा प्राधिकरण पुन्हा पुन्हा सांगते. रमजानमध्ये भजी-समोसे बांधून आणताना घरचा डबा नेला, तर रोजा आपण जास्त चांगल्या घासाने सोडू.

तळोजातून पाहताना

तळोजा आता पूर्वीचे गाव राहिलेले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, सिडकोच्या इमारतींत हजारो कुटुंबे राहायला आली, एमआयडीसीत पाळ्या चालतात आणि आता पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. परदेशी जाण्याचा दरवाजा घराजवळ आला. कोकणी मुस्लिम घरांतून आखातात जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोणी जहाजावर गेले, कोणी तेलाच्या कंपनीत, कोणी दुकानात. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘पुढे काय करणार?’ असे विचारले तर आजही काही जण देशाचे नाव सांगतात, कामाचे नाव सांगत नाहीत. ‘सर्वांत आधी दुबई,’ एवढेच. तिथे जाऊन काय करणार, हे ठरलेले नसते.

इथे खरा धोका आहे. ज्याच्या हातात काम नाही तो ‘आझाद व्हिसा’सारख्या शब्दांना भुलतो. असा व्हिसा कोणत्याही आखाती देशाच्या कायद्यात नाही. तो कोणा एका मालकाच्या नावावरचा परवाना असतो आणि दुसरीकडे काम करताना पकडले गेले तर शिक्षा मुलालाच होते. म्हणून पैसे देण्याआधी एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. दहावी पास नसलेल्याच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ लागते आणि आखाती देशांत कामाला जाताना सरकारी परवानगीची वेगळी पायरी चढावी लागते. निदान एवढ्यासाठी तरी दहावी पूर्ण झालीच पाहिजे. शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना सहसा आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येते आणि स्वतःचा धंदा तर मुळीच करता येत नाही. हाउन्स्लोची गोष्ट ऐकून कोणी शिकायला म्हणून जाईल आणि गाडी लावीन म्हणेल, तर ते चालणार नाही.

मग काय करावे? ज्या मुलाचे किंवा मुलीचे मन स्वयंपाकात रमते त्याला हिणवू नये, शिकू द्यावे. आयटीआयमध्ये ‘फूड प्रॉडक्शन’ आणि ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ असे एकेक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. दहावीनंतर प्रवेश मिळतो. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आहे. त्यासाठी एनसीएचएम जेईई ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते. दादरची सरकारी संस्था, आयएचएम मुंबई, 1954 पासून हे शिक्षण देत आहे. सोहनी आणि जोशी यांनी आधी हे शास्त्र शिकले होते, ही गोष्ट विसरू नये. मंदीने त्यांची नोकरी नेली, शिकलेले काम नेता आले नाही. इराणी यांची पदवी व्यवस्थापनाची होती आणि तीही भेळेच्या दुकानात कामी आली. वडापाव विकणे म्हणजे शिक्षण वाया जाणे, हे म्हणणे दोन्हीकडे खोटे ठरले.

धंदा चालतोच असेही नाही. खाण्याची कितीतरी दुकाने उघडतात आणि बंद होतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहावे लागते, सुटीचा दिवस हाच गर्दीचा दिवस असतो. मुलाला हेही स्पष्ट सांगावे. पण ते शिक्षा म्हणून सांगू नये, कामाची माहिती म्हणून सांगावे. जमेल तर एखाद्या सुटीत त्याला ओळखीच्या गाडीवर किंवा बेकरीत चार दिवस मदतीला पाठवावे. पेंधर स्थानकाबाहेरचा वडेवाला किती वाजता बटाटे उकडतो, संध्याकाळी काय उरते, उरलेल्याचे काय करतो, हे जवळून पाहिले की त्याचा निर्णय त्याला स्वतःलाच घेता येईल. हलाल कमाईचा खरा अर्थ तिथे उभे राहूनही कळतो. वजनात खोट नाही, तेलात खोट नाही, कालचा माल आजचा म्हणून दिलेला नाही. ताजेपणा हा शेवटी गिऱ्हाइकाशी राखलेल्या इमानाचाच एक भाग आहे.

आणि एक विनंती घरातल्या मोठ्यांना. वडापाव लंडनला पोहोचला, भेळ अमेरिकेत पोहोचली. आपल्या कोकणी घरांतले सांदण आणि घावण मात्र अजून लग्नाच्या घरात आणि ईदच्या दस्तरखानापुरतेच राहिले आहेत. त्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे. ते करणाऱ्या दादींच्या हातातले माप कोणी लिहून घेतलेले नाही म्हणून. ‘तांदूळ अंदाजाने, नारळाचे दूध लागेल तेवढे’ यावर घर चालते, दुकान चालत नाही. तेव्हा येत्या सुटीत घरातल्या मुलाला किंवा मुलीला वही-पेन आणि एक वाटी देऊन दादीजवळ बसवा. तांदूळ किती वाट्या, भिजवायचे किती तास, पीठ आंबायला उन्हाळ्यात किती वेळ आणि पावसाळ्यात किती, सांदण वाफवायचे किती मिनिटे, सगळे मापून लिहू द्या. पहिल्या दोन-तीन वेळा बिघडेल, पुन्हा करू द्या. ते मूल पुढे डॉक्टर होवो, शिक्षक होवो किंवा हाउन्स्लोत दुकान काढो, ती वही त्याच्याबरोबर राहील.